दर्भाचा कावळा

ग्वाल्हेरात कावळे उरले नाहीत असं जे म्हणतात, त्यांनी पितृपक्षात आमच्या माधवगंजातल्या गच्चीवर येऊन उभं राहावं. उरलेत. फक्त ते आता येत नाहीत, दर्शन देतात. आमच्या अख्ख्या लष्कर भागात गच्च्या हजारो, प्रत्येक गच्चीवर पान वाढलेलं, आणि कावळे हाताच्या बोटांवर. ते आधी इमरती, म्हणजे उडदाची जिलबी, कुठे आहे ते बघतात, मग उतरतात. एका कावळ्याला तर मी सराफ्यातून पायी जाताना पाहिलंय. खीर इतकी झाली होती की उडता येईना. मागून रिक्षावाल्याने हॉर्न दिला तर बाजूला झाला, पण घाई केली नाही.

माझ्या घरचे म्हणतात, हा दहातल्या नऊ गोष्टी बनवून सांगतो. असेल. पण पुढे जे सांगतोय ते त्या उरलेल्या एकातलं आहे, आणि मला ते बनवता आलं असतं तर मी असं बनवलं नसतं.

आम्ही दक्षिणी लोक. आमचे कोणी पूर्वज फौजेबरोबर दक्खनेतून इकडे आले. तलवार गाजवायला आले, असं माझे वडील सांगत. काका सांगत, ते फौजेत श्राद्धं सांगायला होते; लढणाऱ्यांपेक्षा त्यांनाच काम जास्त. इतक्या पिढ्या झाल्या, आमची नवी पोरं भांडण मराठीत सुरू करतात आणि हिंदीत संपवतात, तरी पंचांग आम्ही दक्षिणेचंच धरून बसलोय. म्हणून पक्ष आमचा भाद्रपदात पडतो आणि शेजारच्यांचा क्वारमध्ये, म्हणजे आश्विनात. दिवस मात्र तेच. जिवंतांचे महिने वेगळे, मेलेल्यांचा पंधरवडा एक. आणि ऊनही एकच. क्वारच्या उन्हात हरणं काळी पडतात असं इकडे म्हणतात. आमच्या गच्चीवर त्या उन्हात उभं राहिलं की किल्ला पांढरा दिसायला लागतो, रस्त्यावरचा आवाज खालीच राहतो, आणि आपल्या मागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं. वळून बघायचं नाही. मी दरवर्षी बघतो.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यावर घरात कर्ता माझा थोरला दादा झाला, पण आवाजाने कर्ते काकाच राहिले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, उंच, आणि खिशात सदैव तपकिरीची डबी. त्यांची शिंक हा एक सोहळा असे. आधी श्वास आत. मग आणखी आत. मग एक थांबा, त्यात घरातले सगळे थांबायचे. काकू हातातली कढई खाली ठेवायची. मग ती यायची. किल्ल्यावर आलेले पाहुणे दचकायचे. समोरच्या गच्चीवरची माकडं एकदा त्या शिंकेने उठून गेली, ती थेट होळीला परत आली. शिंकून झालं की काका डबी बंद करायचे, टक् असा आवाज व्हायचा, आणि म्हणायचे, "हं, चालू द्या."

काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. याबद्दल ते दोघं बोलत नसत. दादाची मुलगी काकूच्याच मांडीवर वाढली, तिला आजी म्हणते, आणि तेवढ्यावर भागलंय असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

एका पितृपक्षात काकांनी गयेला जायचं काढलं. सगळ्या पितरांना एकदा पोचवून येतो म्हणाले, म्हणजे तुमची दरवर्षीची वडे तळायची कटकट जाईल. काकूचे गुडघे धरलेले, ती राहिली. ते एकटे गेले. तिथून फोन आला तो काकूने घेतला. सगळ्यांचं नीट झालं, उद्या निघतो, एवढंच बोलणं. तिने विचारलं, जेवलात का. ते हो म्हणाले. मग श्वास आत ओढल्याचा आवाज आला, आणखी आत ओढल्याचा, मग तो थांबा, आणि फोन कटला.

काकू बराच वेळ फोन कानाला लावून बसली होती. तिला शिंक ऐकल्याशिवाय फोन ठेवायची सवय नव्हती.

ते आले नाहीत. दादा आणि मी गयेला जाऊन शोधलं. पोलीस झाले, धर्मशाळा झाल्या, दवाखाने झाले. फल्गू नदीत पाणी कमी आणि वाळू फार. त्या वाळूत उभं राहून दादा हाका मारत होता आणि लोक आपापले पिंड करता करता मान वर करून बघत होते. शेवटी घाटावर सामान मांडून देणारा एक माणूस सापडला. त्याला काका आठवत होते, तपकिरीमुळे. त्याच्या मांडलेल्या सामानावर ते शिंकले होते. म्हणाला, सगळ्यांचे पिंड झाले आणि मग त्या बाबूजींनी आणखी एक करवला, स्वतःचा. "जिनके पीछे कोई करने वाला नहीं होता," तो म्हणाला, "वो अपना खुद कर जाते हैं।" मग डबी खिशात टाकून वाळूतून चालत गेले. कुठे? त्याने हाताने सगळी नदीच दाखवली.

हे आम्ही परत येऊन काकूला जसंच्या तसं सांगितलं. ती गहू निवडत होती. "बरं झालं," म्हणाली, "एक काम उरकलं. आता येतील."

आणि तिने वाट पाहायला घेतली. रडणं नाही, नवस नाही. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पंचा रोज धुवून दोरीवर, चपला दाराशी जोडीने. कोणी विचारलं तर म्हणायची, गयेला गेलेत. जणू भाजी आणायला गेलेत.

आता तपकिरीचं सांगतो. यावर घरात अजून भांडणं होतात.

पक्षात दादा रोज सकाळी गच्चीवर तर्पण करतो. हातातून तिळाचं पाणी सोडत आजोबा, पणजोबा, आई, वडील, एकेकाचं नाव घेतो. वडिलांनंतर काकांची जागा. जिवंत माणसाच्या नावाने तिलोदक सोडलं तर त्याचं आयुष्य तुटतं, आणि मेलेल्याचं नाव गाळलं तर तो तहानलेला दारात उभा राहतो. म्हणून त्या जागी दादाचा हात थांबायचा. पाणी ओंजळीतच. पुढचं नाव येईपर्यंत जी शांतता पडायची, त्यात तपकिरीचा वास यायचा.

मीच म्हणतो असं नाही. वहिनी, म्हणजे दादाची बायको, भुताखेतांवर बोललं की मला चहा देत नाही, पण जिन्याच्या वळणावर ती पक्षात नाकाला पदर लावूनच जायची. त्या वळणावर सगळे शिंकायचे. गॅसवाला शिंकला, विजेचं मीटर बघायला आलेला शिंकला. पक्ष न मानता पुतणीला बघायला आलेली मंडळी ओळीने शिंकत वर आली आणि शिंकतच खाली गेली, आणि ते स्थळ फिसकटलं. घरात तपकीर कोणी ओढत नाही. काकांची डबी काकांबरोबर गेली. आणि पक्ष संपला, घट बसले, की वास बंद. पुढच्या भाद्रपदापर्यंत जिना आपला जिना.

काकू त्या वासाला घाबरत नसे. वळणावर थांबायची, मान थोडी वर करायची, आणि पायरी चढायची. दादा मात्र वर्षागणिक खचत गेला. एकदा तर्पण करून उठला, ओला पंचा तसाच हातात, आणि मला म्हणाला, "ते तहानलेले असतील तर? आपण रांगेने सगळ्यांना पाणी पाजतो आणि त्यांच्यासमोर येऊन हात आखडतो. मला ते दिसतात रे, ओंजळ पुढे केलेले."

मला यावर काहीतरी गमतीचं बोलायचं होतं. त्याऐवजी मी त्याच्या हातातला पंचा घेऊन पिळला. हे माझ्या बाबतीत फार वेळा होत नाही.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची असते, मग त्याला गेला असं धरून त्याचं करायचं. ती वर्षं भरली त्या पक्षात आमचे गुरुजी घरी आले. पक्षात त्यांना इतक्या घरी जेवावं लागतं की स्कूटरचं मागचं चाक बसतं. खीर म्हटली की डोळे मिटतात. त्यांनी काकूला समोर बसवून समजावलं. देह नसला तरी चालतो. पळसाच्या देठांचा माणूस करायचा, हातपाय दोऱ्याने बांधायचे, डोक्याच्या जागी नारळ, वरून पीठ लिंपायचं, आणि त्याला रीतसर अग्नी द्यायचा.

काकूने सगळं ऐकून घेतलं. "आणि दुसऱ्या दिवशी ते दारात उभे राहिले तर?"

गुरुजींकडे त्याचंही उत्तर होतं. असा परत आलेला माणूस शास्त्राच्या लेखी नव्याने जन्मलेला. त्याला तुपाच्या कुंडात बुडवून काढायचं, मग जातकर्म, बारसं, मुंज सगळं परत, आणि शेवटी पुन्हा त्याच बायकोशी लग्न.

"अख्खा माणूस तुपात?" काकू म्हणाली. "यांच्या उंचीला किती लागेल, विचार केलात?"

गुरुजी हसले, आम्हीही हसलो, आणि विषय तिने तिथेच ठेवला. पण नवमीला तो उठून परत आमच्यात येऊन बसला.

पक्षातली नवमी ही नवरा जिवंत असताना गेलेल्या बायकांची. त्यांच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालायची असते. आमच्या भागात मराठी घरं आता मोजकी, सवाष्णी त्याहून मोजक्या, त्यामुळे काकूला दरवर्षी बोलावणं ठरलेलं. त्या नवमीला तिने न्हाऊन हिरवं पातळ नेसलं, हातात बांगड्या सारख्या केल्या, आणि खुर्ची दाराजवळ ओढून बसली. दहा वाजले, बारा वाजले. गल्लीतून वड्यांचा वास आला. मग बातमीही आली, की त्या घरी जनकगंजातली कोणीतरी सवाष्ण बसवली. गल्लीनेही वर्षं मोजली होती.

ती उठली नाही. वहिनीने पान वाढू का विचारलं तर नको म्हणाली. उन्हं कलल्यावर तिने दादाला हाक मारली.

"अमावास्येला तू सगळ्यांची पानं ठेवशील. त्याच रांगेत यांचं पान मी ठेवते. कावळा शिवला तर कर तुझा पळसाचा माणूस, मी माझ्या हाताने कपाळ पुसते. नाही शिवला, तर हा विषय या घरात परत काढायचा नाही."

दादा हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

सर्वपित्रीच्या सकाळी तिने मला टोपी बाजारात पाठवलं, बेडई आणायला. बेडई म्हणजे उडदाच्या डाळीचं तिखट सारण भरलेली जाड पुरी, बरोबर बटाट्याचा रस्सा, त्यात लसूण, हिंग, आणि वर काय काय. काकांचा जीव होता त्यावर. मी पुडा घेऊन आलो तर स्वयंपाकघरात वहिनी हात धुवून बसलेली.

"काकू, श्राद्धाच्या पानांशेजारी बाजारची बेडई?" ती म्हणाली. "लसूण असतो हो त्यात."

"लसूण मेलेल्यांना चालत नाही," काकू म्हणाली. "यांना चालतो."

मी तिला बाजूला घेतलं. व्यवहारातलं मला थोडं कळतं. म्हटलं, काकू, तुला कावळा शिवायला नकोय ना, मग कारलं वाढ, गवार वाढ, आमसुलाची चटणी वाढ. बेडईवर जिवंत माणसं तुटून पडतात, कावळा तर कावळा. ती पुडा सोडवत होती. म्हणाली, "त्यांना कारलं वाढून जिंकायचं नाही मला." आणि पुऱ्या तव्यावर परत गरम करायला घेतल्या.

दुपार चढली तसे आम्ही गच्चीवर गेलो. कठड्याशी पळसाच्या पत्रावळींची रांग. आजोबांची, आजीची, वडिलांची, आईची, इतर सगळ्यांची मिळून एक, आणि शेवटी थोडं अंतर सोडून काकांची. वडे, खीर, भाज्या, आणि शेवटच्या पानावर दोन फुगलेल्या बेडया, रस्सा द्रोणात. मी माकडांसाठी काठी घेऊन उभा. पुतणी टाकीच्या सावलीत. गुरुजी पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. त्या पिशवीत दर्भाचा कावळा असतो. दर्भाच्या काड्या वळून केलेला, चोच आणि शेपूट कळेल इतपत. खरा कावळा आलाच नाही तर त्याची चोच पानाला लावायची, म्हणजे भागतं. हल्ली गुरुजींना तो रोज लागतो.

दादाने तर्पण सुरू केलं. नावं झाली. वडिलांनंतर हात थांबला.

वास आला. इतका कधी आला नव्हता. गच्चीवर, मोकळ्यावर, भर उन्हात, जणू कोणी डबी उघडून माझ्या नाकाखाली धरलीय. पुतणीने तोंडावर हात ठेवला. आणि कोणीही शिंकलं नाही. मला ते सगळ्यात वाईट वाटलं. जिन्यात शिंकणारी माणसं आम्ही, आणि तिथे सगळे श्वास आत घेऊन थांबलेले, एका माणसाच्या शिंकेसाठी थांबावं तसे.

तेव्हा कावळा आला.

तो किल्ल्याच्या बाजूने आला, कठड्यावर बसला, आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. आजोबांचा वडा, आजीची खीर. वडिलांच्या पानावर त्याने भेंडीसुद्धा खाल्ली, जी वडिलांनी जन्मात खाल्ली नव्हती. आईचं पान, इतरांचं पान. मग ते सोडलेलं अंतर ओलांडून तो शेवटच्या पानापाशी आला. बेडईला अजून वाफ होती. मान तिरकी करून त्याने एका डोळ्याने पान बघितलं, मग दुसऱ्या डोळ्याने. एक फेरी घातली. अगदी जवळ येऊन उभा राहिला, इतका की त्याची सावली पुरीवर पडली. आणि मागे सरला. एक पाऊल, मग आणखी एक. मागे चालणारा कावळा मी त्याआधी पाहिला नाही, नंतरही नाही. कठड्याला चोच पुसली आणि आला तसा गेला.

आम्ही बघत राहिलो. आकाशात काही नव्हतं.

पहिला हुंदका दादाला आला. वहिनीचे डोळे भरले होते पण ती हसत होती. पुतणीने जाऊन काकूला मागून मिठी मारली, आणि हळूच म्हणाली, "आजी, आप जीत गईं. आजोबा हैं."

"आहेत," काकू म्हणाली.

ती पानाकडेच बघत होती. मी तिचा चेहरा बाजूने बघत होतो. त्या चेहऱ्यावर आधी ऊन होतं, मग ऊन तिथेच राहिलं आणि चेहरा गेला.

"आहेत," ती पुन्हा म्हणाली. "चालते-बोलते. कुठेतरी रोज जेवतात. शिंकतात." तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. "म्हणजे मेले नाहीत. मला टाकून गेले."

इतकी वर्षं आम्ही दोनच शक्यता मोजत होतो, आहेत की नाहीत. आहेत म्हणजे काय, हे त्या पानापुढे उभं राहीपर्यंत तिलाही दिसलं नव्हतं. तिने पुतणीचे हात सोडवले, कठड्यापाशी गेली, आणि कावळा गेला त्या दिशेला बोलायला लागली. कावळा शिवत नसला की गेलेल्याची इच्छा मोठ्याने बोलून दाखवतात, वचन देतात, तसं.

"या," ती म्हणाली. "मी रागावले नाहीये. पोर झालं नाही त्याचं मनात धरलं असेल तर मीही धरत नाही. गुडघ्यांमुळे आले नाही, त्याचं धरू नका. शिवा आता. खा एवढं." तिचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता. "एवढं करा माझ्यासाठी. मेलेले असा."

मी काठी खाली टाकली. त्या वाक्याला मी अजून घाबरतो.

काही आलं नाही. एक घार फार उंचावर फिरत होती, तीही सरकत निघून गेली. काकू वळली, गुरुजींपाशी आली आणि हात पुढे केला.

गुरुजींना कळलं. त्यांनी पिशवी छातीशी धरली. म्हणाले, कावळा आलाच नसता तर दर्भाचा चालतो. आला, आणि बघून शिवला नाही, तर...

"तर काय?"

"तर पोथीत नाही," गुरुजी म्हणाले.

"मग मी करते ते पोथीत नाही असं समजा." तिने पिशवीतून दर्भाचा कावळा स्वतः काढला. दादा पुढे झाला, तर ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मेलेल्याची बायको म्हणून मी राहीन. सुखाने राहीन. टाकलेली म्हणून एक दिवस राहायचं नाही मला."

आणि खाली बसून, दुखऱ्या गुडघ्यांवर, तिने ती गवताची चोच बेडईला लावली. दाबून लावली. पुरी फुटली आणि आतली वाफ बाहेर आली.

टक् असा आवाज झाला. पुतणी म्हणते टाकीचं झाकण. दादा म्हणतो त्याने ऐकलाच नाही. वास मात्र त्या क्षणी गेला, सगळ्यांसाठी. दादाने ओंजळ भरली, काकांचं नाव घेतलं, पाणी सोडलं. हात थांबला नाही.

ठरल्याप्रमाणे पळसाचा माणूस झाला. गावाबाहेर, ढाकाचं, म्हणजे पळसाचं, रान आहे तिकडे, दादाने त्याला अग्नी दिला. देठांचा माणूस फार पटकन जळतो. काकांइतका उंच केला होता दादाने, खांद्यावर पंचाही घातला होता, आणि पेटल्यावर तो एका अंगावर वळल्यासारखा झाला. नारळ तडकायच्या आधी आम्ही सगळे थांबलो, जुन्या सवयीने. मग तो तडकला.

घरात सुतक आलं, म्हणून त्या वर्षी आमच्याकडे घट बसले नाहीत. काकूने कुंकू पुसून छोटी काळी टिकली लावली, चपला देऊन टाकल्या, पंचा जळालाच होता. चौथ्या दिवशी बघतो तर मोरीच्या कट्ट्यावर फुटक्या तसराळ्यात माती घालून तिने मूठभर गहू पेरलेले. मी म्हटलं, काकू, सुतकात घट? ती म्हणाली, घट नाही, नुसते गहू आहेत. सुतक माणसांना असतं. दसऱ्यापर्यंत ते वीतभर वाढले. तिने ते तोडून पुतणीच्या केसात खोवले. पुढच्या वैशाखात पुतणीचं लग्नही झालं. मंडळी जिन्याने वर आली, खाली गेली, एकही शिंक नाही; वैशाखात ती तशीही नसायची, तरी मी मोजत होतो.

मला त्या वळणावर चुकल्यासारखं व्हायचं. मी तिथे मुद्दाम थांबायचो. नुसता चुन्याचा वास यायचा.

मग पुढचा पितृपक्ष आला. आता काकांची तिथी होती, अमावास्या, रीतसर. स्वयंपाकघरात काकू पान वाढत होती, कारलं होतं, आमसुलाची चटणी होती, आणि कडेला बेडई होतीच. तेवढं गुरुजींनीही सोडून दिलं होतं. मी बाहेर टेबलापाशी. दुपार. फोन वाजला, अनोळखी नंबर. मी घेतला, हॅलो म्हटलं. पलीकडे कोणी बोलेना. मागे मोकळ्यावरचा वारा, आणि लांब कुठेतरी घंटा.

मग श्वास आत गेला. मग आणखी आत. मग थांबा.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला.

ती शिंक आली. मी नेहमी वाढवून सांगतो, म्हणून या वेळी कमी करून सांगतो: फोनमधून आली आणि खिडकीची काच थरारली. मग टक्. मग फोन बंद.

काकू दारात आली, एका हातात पत्रावळ, दुसऱ्या हातात कढई. कढई तिने खाली ठेवली.

"कोणाचा होता?"

"राँग नंबर," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पानावरची बेडई नीट मधोमध सरकवली.

"परत आला तर सांग, ते वारले," ती म्हणाली आणि जिन्याकडे वळली. वळणावर थांबली नाही. वरून तिचा आवाज आला, "आणि म्हणावं, घरात एवढं तूप नाही."

मी गच्चीवर गेलो तेव्हा कावळा आधीच येऊन बसला होता.